‘कोणीतरी’ म्हणणारा कोण? खाडीकाठच्या कथावाचन वर्गाविषयी

मालवण तालुक्यात खाडीकाठच्या एका गावातल्या वाचनालयाने यंदाच्या पावसाळ्यात कथा-कादंबरी कशी वाचावी याचा वर्ग घेतला. सहा रविवार, सकाळी दहा ते साडेबारा, जागा वीस, शुल्क ४०० रुपये. त्यात २४ पानांची संज्ञांची पुस्तिका आणि दर रविवारी उताऱ्यांच्या झेरॉक्स प्रती मिळतात. शिकवणाऱ्या दोघी आहेत, एक महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या आणि एक माध्यमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या. पुढची तुकडी दिवाळीनंतर बसणार आहे, त्यासाठी हे सविस्तर.

निकाल आधीच सांगून टाकू. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारासाठीच चारशे रुपये सार्थकी लागतात. पहिला चांगला, चौथा बरा, पाचवा नव्याने बांधायला हवा. पुस्तिका वर्गाच्या पासंगालाही पुरत नाही.

वर्गाचा नियम एकच आणि पाचवा रविवार सोडला तर तो कायम पाळला जातो: जे म्हणाल त्याच्या ओळीवर बोट ठेवा. हा नियम का लागतो, हे वाचनालयाच्या काउंटरवर दहा मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. पुस्तक परत करणारा माणूस ‘छान आहे’, ‘खिळवून ठेवतं’ एवढ्यावर थांबतो. परीक्षेचं मार्गदर्शक वाचून आलेला ‘आशयघन’, ‘प्रत्ययकारी’, ‘वास्तवदर्शी’ म्हणतो. हे शब्द कुठल्याही पुस्तकाला चिकटतात, आणि ते कुठल्या ओळीमुळे चिकटले हे विचारलं की बोलणं खुंटतं. ‘निवेदक’, ‘काळ’, ‘कथनक्रम’ या शब्दांचं तसं नाही. ते पानावर तपासता येतात, चुकले तर चुकले असं दाखवता येतं. साहित्याच्या परिभाषेकडून वाचकाला हवं असतं ते हेच.

पहिल्या रविवारी फळ्यावर पाच शब्द असतात: खोटं, काल्पनिक, कल्पित, ललित, कथात्म. इंग्रजीतल्या ‘फिक्शन’ला मराठीत यातलं काय म्हणायचं, असा प्रश्न. बहुतेक जण ‘काल्पनिक’वर हात वर करतात आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. रोजच्या बोलण्यात ‘काल्पनिक’ला ‘नसलेलं’, ‘मनाचे खेळ’ अशी छटा आहे. काल्पनिक भीती म्हणतो तेव्हा भीतीला आधार नाही असंच सांगायचं असतं. ‘कल्पित’मध्ये रचल्याचा, योजल्याचा अर्थ येतो. ‘ललित’ शब्द कविता, नाटक, इतकंच काय ललित लेखालाही कवेत घेतो, म्हणून तो इथे फार मोठा पडतो. ‘कथात्म साहित्य’ हा समीक्षेत रुळलेला शब्द, आणि वर्ग तोच पुढे वापरतो.

‘फिक्शन’च्या मुळाशी लॅटिन क्रियापद आहे, ‘फिंगेरे’, म्हणजे घडवणं, मातीला आकार देणं. हे सांगताना शिक्षिकांनी समोरच्या गणपतीच्या शाळेकडे हात केला. श्रावणात तिथे शाडूचं काम चालू होतं. मळलेला गोळा, पाटावर बसवलेलं धड, सोंडेची वळणं, शेवटी डोळ्यांची आखणी. घडवलेल्या वस्तूला ‘खरी का खोटी’ विचारत नाहीत, ती नीट घडली का ते बघतात. अर्थ समजावण्याची ही रीत मनात राहते, कारण हात कसे चालतात हे इथल्या प्रत्येकाने लहानपणापासून पाहिलेलं असतं.

त्यानंतर दोन प्रश्नांचा चौकोन. मजकूर घडलेलं ‘सांगतो’ का? आणि तो ‘हे घडलं’ असा दावा करतो का? बखर आणि आत्मचरित्र सांगतात आणि दावाही करतात. कथा-कादंबरी सांगते, पण दावा करत नाही. भरती-ओहोटीचा तक्ता दावा करतो, पण काही सांगत नाही. भावकविता बहुधा दोन्ही करत नाही. यातून ‘कथनात्म’ आणि ‘कथात्म’ यांतला फरक स्वच्छ होतो: कथन कुठल्याही हकिगतीचं असू शकतं, कथात्म साहित्य त्यातलं दावा न करणारं. पुस्तिकेत पान ९ वर हेच दोन शब्द एकमेकांच्या जागी छापलेत. वर्गाला बसलेल्याला चूक कळते. नुसती पुस्तिका घेऊन गेलेला माणूस मात्र गोंधळून जाईल.

वाचकाने मान्य केलेल्या कराराविषयी बोलताना दशावतार आला, तो येणारच होता. इंग्रजी कवी कोलरिजने १८१७ मध्ये मांडलेला विचार, की वाचक आपण होऊन अविश्वास बाजूला ठेवतो, तो जत्रेतल्या प्रेक्षकाला वेगळा शिकवावा लागत नाही. स्त्रीपार्टी करणारा गडी सकाळी माडाला पाणी शिंपत होता हे ठाऊक असूनही रात्री दोन वाजता द्रौपदीच्या विलापाला मंडप गप्प होतो. उपमा चांगली आहे, पण ती इथेच सोडून दिली. दशावतारी खेळात आख्यान आधीच सगळ्यांना माहीत असतं. शेवट ठाऊक असताना लोक पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत का बसतात, हा प्रश्न विचारला असता तर चौथ्या रविवारचा ‘काय घडलं आणि कसं सांगितलं’ हा अख्खा विषय तिथेच उघडला असता.

आता दुसरा रविवार. विषय निवेदक. कुठल्याही छापील पुस्तकातला उतारा न घेता वर्गासाठीच लिहिलेल्या दोन ओळी सगळ्यांच्या हातात दिल्या:

‘शेवटची खेप सुटली तेव्हा पलीकडच्या धक्क्यावर कोणीतरी कंदील हलवत होतं. तातूने वल्हं थांबवलं नाही.’

प्रश्न: यात लेखक कुठे आहे? उत्तर: कुठेच नाही. लेखकाला कंदीलवाला कोण ते पक्कं ठाऊक आहे, त्यानेच तो तिथे उभा केलाय. मग ‘कोणीतरी’ कोण म्हणतंय? होडीत बसून, तातूच्या नजरेच्या पल्ल्यातून बघणारा कुणीतरी. तो निवेदक. तृतीय पुरुषात बोलतो, पण एका पात्राच्या पलीकडचं सांगत नाही, म्हणून मर्यादित. लेखक आणि निवेदक वेगळे, हे वाक्य वह्यांत शंभरदा लिहिलेलं असतं. ‘कोणीतरी’ या एका शब्दावर बोट ठेवल्यावर ते पटतं.

मग त्याच ओळी सर्वसाक्षी निवेदकाकडे दिल्या: ‘पलीकडच्या धक्क्यावर तातूची थोरली बहीण कंदील हलवत होती. तातूला उजेड दिसला, बहीण ओळखू आली नाही.’ गूढ गेलं, त्याच्या जागी वाचकाचा जीव टांगणीला लागला, कारण आता आपल्याला तातूपेक्षा जास्त ठाऊक आहे. कुठलं रूप सरस यावर वाद घालू दिला नाही, हे फार बरं केलं. प्रत्येक रूपात वाचकाला काय मिळतं आणि काय सुटतं, एवढंच फळ्यावर दोन रकान्यांत लिहून घेतलं.

तिसरं रूप प्रथमपुरुषी: ‘पलीकडच्या धक्क्यावर कोणीतरी कंदील हलवत होतं. मी वल्हं थांबवलं नाही.’ फक्त ‘तातूने’चं ‘मी’ झालं. पण आता नवा प्रश्न उभा राहतो. हा माणूस कधी सांगतोय? त्याच रात्री, की वीस वर्षांनी? वीस वर्षांनी सांगत असेल तर तोवर ती बहीणच होती हे त्याला कळलेलं आहे, तरी तो ‘कोणीतरी’ म्हणतो. तेव्हाचं न कळणं तसंच जपून सांगतोय, की लपवतोय? अनुभवणारा ‘मी’ आणि सांगणारा ‘मी’ हे दोन वेगळे, हा आत्मनिवेदनातला सगळ्यात कामाचा भेद इथे व्याख्येशिवाय हाती येतो. ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथने १९६१ मध्ये रूढ केली; ती या प्रश्नानंतर फळ्यावर आली. संज्ञा प्रश्नाच्या पाठून येते तेव्हाच टिकते.

याच तासाला ‘म्हणे’वर पंधरा मिनिटं दिली, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटली. ‘बहीण पुढे मुंबईला गेली.’ ‘बहीण पुढे मुंबईला गेली म्हणे.’ दुसऱ्या वाक्यात निवेदकाने जबाबदारी गावावर ढकलली. त्याने ते पाहिलेलं नाही, कुणाकडून ऐकलंय, आणि कुणाकडून ते सांगायची त्याची तयारी नाही. गजालीत आपण हा शब्द दिवसभर वापरतो. कथेत तो दिसला की पेन्सिलीने गोल करायचा आणि बघायचं, निवेदक कुठल्या गोष्टींना ‘म्हणे’ लावतो आणि कुठल्या बेधडक सांगतो. निवेदक किती विश्वासाचा, हे या गोलांवरून बरंचसं कळतं.

निवेदन ऐकतो कोण, यासाठी गाऱ्हाण्याचं उदाहरण घेतलं. मानकरी देवाशी बोलतो, भोवतालचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. शब्द देवाला उद्देशून, पण वजन पडतं ऐकणाऱ्या गावावर. कथेतही निवेदक ज्याला उद्देशून बोलतो तो आणि आपण वाचक एकच असू असं नाही. उदाहरण नेमकं आहे, मात्र त्यावर सराव घेतला नाही. पत्ररूप कथेचं एखादं पान दिलं असतं तर मुद्दा पक्का झाला असता.

तिसरा रविवार मुक्त अप्रत्यक्ष कथनाचा. इथे पुस्तिका आणि वर्ग यांच्यातली दरी स्पष्ट दिसते. पुस्तिकेतली व्याख्या इंग्रजीवरून उचललेली आहे: पात्राचा विचार निवेदकाच्या वाक्यात मिसळतो, काळ मागे सरकतो, ‘मी’चा ‘तो’ होतो. इंग्रजीत ही खूण चालते, कारण तिथे दुसऱ्याचं बोलणं सांगताना काळ आणि पुरुष बदलावाच लागतो. मराठीत ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ असं सरळ म्हणतात. काळ हलत नाही, पुष्कळदा ‘मी’ही हलत नाही. त्यामुळे काळावर नजर ठेवून बसलेला वाचक मराठी कथेत हे कथन ओळखूच शकत नाही. पुस्तिका वाचून आलेल्या निम्म्या लोकांनी पहिल्या उताऱ्यात ‘असं काही नाही’ असं लिहिलं ते यामुळेच.

शिक्षिकांनी पुस्तिका बाजूला ठेवून मराठीतल्या खुणा दाखवल्या. उतारा असा: ‘तातूने आभाळाकडे पाहिलं. आता कसला पाऊस थांबतोय! उद्याची खेपही बुडाली. आबांना काय सांगायचं?’ पहिलं वाक्य निवेदकाचं. पुढची तीन तातूच्या मनातली, तरी ‘तातूला वाटलं’ कुठेही नाही. ओळखायचं कशावरून? ‘आता’, ‘उद्या’, ‘इथं’ यांसारखे शब्द पात्राच्या जागेवरून मोजलेले असतात. ‘कसला’, ‘कुठला’ अशी उत्तराची अपेक्षा नसलेली प्रश्नार्थकं येतात. ‘बाई’, ‘बरं’, ‘ना’, ‘की’ अशी बोलण्यातली शेपटं दिसतात. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे नात्याचा शब्द. निवेदकाने ‘तातूचे वडील’ म्हटलं तर नजर बाहेरची, ‘आबा’ म्हटलं की तातूची. त्याच माणसाला पुढच्या पानावर ‘म्हातारा’ म्हटलं तर नजर पुन्हा फिरली, कदाचित सुनेकडे गेली. ‘आबा आले’ आणि ‘म्हातारा आला’ या दोन वाक्यांत आदरार्थी रूपानेच बघणारा बदललाय. इंग्रजीला नसलेली ही सोय मराठी कथाकार सहज वापरतात आणि वाचक ती सहज गिळून पुढे जातो.

सराव असा: दीड पानाचा उतारा, दर पाचव्या ओळीला आकडा, उजवीकडे तीन बोटं समास. एकाच पात्रासाठी आलेले सगळे शब्द (नाव, नातं, सर्वनाम, क्रियापदाचं रूप) अधोरेखित करायचे आणि समासात लिहायचं, हा शब्द कुणाच्या तोंडचा. वेळ वीस मिनिटं. अडचण एकच आली. काहींनी उतारा मोबाइलवर मागवला होता, तिथे ओळी वेगळ्या तुटतात, त्यामुळे ‘पंधरावी ओळ’ म्हटलं की प्रत्येकाची निराळी. कागदाचीच प्रत घ्या, आणि पेन्सिल न्या, कारण पहिलं उत्तर पुष्कळदा खोडावं लागतं.

चौथ्या रविवारी घटनाक्रम आणि कथनक्रम. मराठीत ‘कथानक’ हा शब्द दोन्हींसाठी सैल वापरला जातो, म्हणून वर्गात तो बाजूला ठेवला, हे योग्य. तिघांच्या गटाला नऊ चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक घटना. आधी घडल्या त्या क्रमाने लावायच्या, मग सांगायच्या त्या क्रमाने, आणि दोन क्रमांत ज्या चिठ्ठ्यांनी जागा बदलली त्या का बदलल्या ते बोलायचं. खेळ चांगला, पण चिठ्ठ्या लिहिताना चूक झाली. तीन चिठ्ठ्यांवर ‘त्यामुळे’ आणि ‘अखेर’ हे शब्द होते. कार्यकारण चिठ्ठीनेच सांगून टाकलं तर गटाला शोधायला काही उरत नाही. सगळ्या गटांची मांडणी जवळपास सारखी आली. चिठ्ठीवर कर्ता, क्रिया, जागा एवढंच हवं. उरलेल्या वेळात पात्रांचे सपाट (एकाच गुणाचं) आणि गोल (अनेक बाजू असलेलं) हे इंग्रजी कादंबरीकार फॉर्स्टरचे १९२७ मधले प्रकार उरकले. त्यात नवं काही नव्हतं.

प्रकारांच्या नावांवरचा अर्धा तास मात्र रंगला. ‘कादंबरी’ हे सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकथेचं आणि तिच्या नायिकेचं नाव. बाणाने ती अपुरी ठेवली, मुलाने पुरी केली. मराठीत आणि कन्नडमध्ये हे विशेषनाम एका अख्ख्या साहित्यप्रकाराचं नाव झालं, हिंदीने ‘उपन्यास’ घेतला, गुजरातीने ‘नवलकथा’. ‘लघुकथा’ शब्दाचा प्रवासही सांगितला: मराठीत तो पूर्वी आजच्या ‘कथे’साठीच होता, आता अर्ध्या पानाच्या गोष्टीलाही तोच लावतात, शिवाय ‘अलक’, म्हणजे अति लघु कथा, आहेच. जुनं परीक्षण वाचताना हे ध्यानात नसेल तर पंचवीस पानांच्या कथेला लघुकथा का म्हटलंय ते उलगडत नाही.

पाचवा रविवार फसला. विषय रस आणि ध्वनी, म्हणजे न सांगता सुचवलेला अर्थ. नऊ रसांची यादी फळ्यावर, मग प्रत्येक उताऱ्याला रसाचं लेबल. ‘यात करुण रस आहे’ म्हटल्यावर पुढे काय? पहिल्या दिवसापासूनचा बोट ठेवण्याचा नियम इथेच मोडला. भरताने ‘नाट्यशास्त्रा’त रस सांगितले ते रंगभूमीसाठी, आणि ते आठ, शांत हा नववा नंतर मानला गेला. हेही सांगितलं गेलं नाही. भरताची खरी कामाची अवजारं विभाव आणि अनुभाव ही आहेत, आणि ती तातूच्या दोन ओळींनाही लागू करता येतात. रात्र, शेवटची खेप, हलता कंदील हे उद्दीपन विभाव, म्हणजे भावना चेतवणारी परिस्थिती. न थांबलेलं वल्हं हा अनुभाव, भावना अंगातून बाहेर दिसण्याची जागा. ‘त्याला वाईट वाटलं’ असं एकदाही न लिहिता ते कसं पोचलं, हे याच अवजारांनी दाखवता आलं असतं.

ध्वनीचंही तसंच झालं. ध्वनीचा सिद्धांत मांडणाऱ्या आनंदवर्धनाचं नाव, नववं शतक, व्याख्या, आणि शास्त्रातलं जुनं उदाहरण: ‘गंगायां घोषः’, गंगेवर गवळीवाडा. समोर बसलेल्यांना ते परकं वाटलं, आणि खिडकीतून खाडी दिसत होती! ‘आमचं घर खाडीवर आहे’ हे वाक्य इथे रोजचं. घर पाण्यावर तरंगत नाही, म्हणून वाच्यार्थ अडतो. ‘काठावर’ हा अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा. आणि ‘काठावर’ न म्हणता ‘खाडीवर’च म्हटल्याने वारा, गारवा, भरतीला अंगणापर्यंत येणारं पाणी हे सगळं न सांगता येतं, ती व्यंजना. तीन पायऱ्या, एक वाक्य, पाच मिनिटं. पुढच्या तुकडीला हा तास इथून सुरू करावा, यादी शेवटी द्यावी किंवा देऊच नये.

सहाव्या रविवारी प्रत्येकाने आपल्या आवडीच्या कथेची दोन पानं आणायची आणि पाच मिनिटं बोलायचं. अट: फक्त तीन संज्ञा वापरायच्या आणि प्रत्येकीला एक ओळ दाखवायची. वीस जणांची शंभर मिनिटं होतात, वेळ पुरतो. जे सात-आठ संज्ञा घेऊन आले त्यांची कथा बाजूला राहिली. ज्यांनी एकच ‘आबा’ किंवा एकच ‘म्हणे’ धरला त्यांचं बोलणं ऐकावंसं वाटलं.

पुस्तिकेबद्दल आणखी थोडं. संज्ञा ५२, क्रम वर्णमालेचा, पण एकीवरून दुसरीकडे जाण्याची खूण नाही. ‘निवेदक’ बघणाऱ्याला ‘दृष्टिकोण’ही बघावा लागतो, हे कुठेच लिहिलेलं नाही. मुखपृष्ठावर आणि आत चार ठिकाणी ‘वाङ्मय’चं ‘वाड्मय’ झालंय. संगणकावर ङ सापडला नाही की ड बसवतात, ही चूक आता इतकी सर्रास झाली आहे की डोळ्याला खुपत नाही, पण साहित्याच्या संज्ञांच्या पुस्तिकेवर तरी ती नको होती. ‘संज्ञाप्रवाह’च्या नोंदीत आणखी एक अडचण आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० मध्ये मनातल्या अखंड ओघाला प्रवाह म्हटलं, त्याचं हे मराठी नाव. इथे ‘संज्ञा’ म्हणजे जाणीव. पण पुस्तिकेभर ‘संज्ञा’ म्हणजे पारिभाषिक शब्द. दोघा-तिघांनी ‘शब्दांचा प्रवाह’ असाच अर्थ लावला होता, आणि त्यांची चूक म्हणता येणार नाही. एका ओळीच्या टिपेने हे निस्तरलं असतं.

व्यवस्था नीटनेटकी. प्रोजेक्टर नाही, त्यामुळे वीज गेल्याने तास अडत नाही. एक रविवार खिडकीजवळ टेबलं सरकवून पार पडला. पागोळ्यांच्या आवाजात मागच्या ओळीला मोठ्याने वाचलेलं ऐकू येत नाही, तेव्हा पुढच्या दोन ओळींत जागा धरा. मध्ये दहा मिनिटं चहा. रविवारी सकाळच्या एसट्या कमी असतात, लांबून येणाऱ्यांनी परतीची गाडी आधी विचारून ठेवावी, कारण साडेबाराचा तास पाऊण वाजता सुटतो.

नावनोंदणी ग्रंथपालांकडे, रोख. वाचनालयाचं सभासद असणं बंधनकारक नाही. एकच रविवार बसता येतं का, असं काहींनी विचारलं होतं. येतं, ८० रुपयांत. तसं बसायचं असेल तर दुसरा निवडा, आणि पुस्तिकेत पान ९ वरचे ते दोन शब्द घरी जाताना दुरुस्त करून घ्या.